सुकटसर आणि शेपटीतले मणी

आमचे सर पक्के शाकाहारी होते आणि दर आठवड्याला बुधवार बाजारातून सुकट विकत घेत. महालातल्या त्यांच्या गल्लीत पुडीचा वास त्यांच्याआधी पोचायचा. शेजारी फटाफट खिडक्या लावून घ्यायचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या या गृहस्थांना आम्ही पाठीमागे सुकटसर म्हणायचो. सुकटवाली तर तोंडावरच विचारायची, "मास्तर, काहून वाया घालवता? खाऊन त पाहा एकडाव!"

सर हसून म्हणायचे, "बाई, मी अजून यांची ओळखच करून घेऊन राहिलो."

इंग्रजी अमलातलं ते नागपूर. समुद्र शेकडो मैल दूर, सरांनी तो जन्मात पाहिला नव्हता. पण भिजवलेली सुकट बशीत पसरली की त्यांचा आवाज चढायचा. "जवळा म्हणून विकतात, पण यात जवळ्याची चुलत भावंडंही मिसळलेली असतात! चेहऱ्यावर जाऊ नका, पाय पाहा!" जवळ्याच्या पुढच्या पायांना इवले चिमटे. मायसिड आणि क्रिल या चुलत भावंडांचे पाय मात्र दुहेरी. त्या दोघांत भेद करायचा तर क्रिलचे कल्ले कवचाबाहेर झालरीसारखे लोंबतात आणि मायसिडच्या शेपटीत, तोल सांभाळायला, काचेच्या मण्यांसारखे दोन गोल खडे असतात.

मी शेवटच्या वर्षाला होते, वर्गात एकटीच मुलगी. एके दिवशी सर सूक्ष्मदर्शकावरून असे उठले की खुर्चीच उलटली. "झालर! भरदर्यातला क्रिल आमच्या बुधवार बाजारात!" मद्रासच्या परिषदेत त्यांचा निबंध ठरला, प्राचार्यांनी भर सभेत अभिनंदन केलं. आकृत्या काढायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्या नमुन्यांच्या शेपट्या वाळून तुटलेल्या होत्या, म्हणून मी नवी सुकट कोमट पाण्यात हलक्या हाताने सोडवत बसले. तशीच झालर असलेल्या एका नमुन्याची शेपटी अख्खी निघाली. तिच्यात दोन मणी लखलखत होते. सरांना दिसलेली झालर म्हणजे दुहेरी पायांच्या बाहेरच्या फांद्यांवरचे चिकटलेले केस होते!

परिषद तोंडावर आलेली. मी सूक्ष्मदर्शक सरांपुढे सरकवला.

"सर, एवढी शेपटी पाहता का?"

सर वाकले. बराच वेळ वर पाहिनात. मग एकदम व्हरांड्यात धावले आणि प्रमाण मराठी पार विसरून ओरडले, "अवं, मणी हायेत वं! चुकलो! चांगलाच चुकलो मी!" शेजारचे वर्ग बाहेर आले. त्यांना वाटलं, सरांना काही बक्षीस लागलं. मी मात्र रडायच्या बेतात होते.

"सर, तुमचा निबंध?"

"तो आता तू वाचायचा!"

माझे वडील सचिवालयात हेडक्लार्क. सर घरी आले तेव्हा ते म्हणाले, "सुकटीसाठी मुलगी मद्रासला धाडू? लोक काय म्हणतील?"

"हिने डोळ्यांनी पाहिलंय," सर म्हणाले. "मी सांगेन ते ऐकीव होईल."

शेवटी सरांबरोबर आलेल्या त्यांच्या पत्नीने, काकूंनी, तिढा सोडवला. "मी जाते हिच्यासंगं. मलेही समुद्र पाहू द्या की!"

सभागृहात सर उभे राहिले. "चूक माझी, दुरुस्ती हिची," एवढंच बोलून पहिल्या रांगेत जाऊन बसले. पहिली वाक्यं मी कागदात पाहूनच वाचली. पण मण्यांपाशी आले आणि माझी भीतीच उडाली. नंतर आकृती पाहायला टेबलाभोवती ही गर्दी! सर मागे उभे राहून टाचा उंचावत होते.

पुढच्याच उन्हाळ्यात तापाने सर गेले. ती बातमी ऐकली तेव्हा मला सभागृह आठवलं नाही, परिषदेच्या दुसऱ्या दिवशीची, मद्रासच्या समुद्रावरची सकाळ आठवली. सर धोतर खोचून गुडघाभर पाण्यात शिरले होते, काकू काठावरून हाका मारत होत्या. सरांनी पंचा पाण्यातून ओढून काचेच्या पेल्यात पिळला. पेल्यात काहीतरी जिवंत, पारदर्शक, तुरुतुरु पोहत होतं.

"सांग, कोण?"

मी पेला उन्हात धरला, पिशवीतलं भिंग लावलं. "मायसिड, सर."

आमच्यापैकी कुणाचंही उत्तर स्वतः पाहिल्याशिवाय सरांनी कधी मानलं नव्हतं. मी भिंग पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"मग सोड त्याला," ते म्हणाले आणि पंचा घेऊन पुन्हा पाण्यात शिरले.