दिवटीच्या धगीतली पावती

धाराशिवला कचेरीच्या फाटकाशी बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. शिक्षण नववीपर्यंत, तथापि माझ्या मसुद्यातला शब्द हलवण्याची आजवर कुणा साहेबाला गरज भासलेली नाही. सबब थोरल्या लेकीला पावती छापायचं यंत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा कागदाचा जाणकार म्हणून मी सोबत जाणं ओघानंच आलं.

तिचं तुळजापुरात सामानघर आहे. भाविक पिशव्या ठेवून दर्शनाला जातात. हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांवरचे आकडे घामानं पुसत, आणि एकदा एकाची पिशवी दुसऱ्याच्या हाती गेली. जागेचे मालक असलेल्या पुजाऱ्यांनी बजावलं, "पुन्हा असा घोटाळा झाला तर खोली रिकामी करायची." त्या खोलीवरच तिचं घर चालतं.

दुकानात यंत्र सुरू झालं आणि माझी मती गुंग झाली. शाई नाही, फीत नाही, खटखट नाही. पांढऱ्या पट्टीवर अक्षरं उमटूनच बाहेर आली. दुकानदारानं कोऱ्या पट्टीवर जोरात नख ओढलं, तर काळी रेघ!

"उष्णतेनं छापतंय, काका. रंग कागदातच असतो."

जन्मभर मी अक्षर बाहेरून आणून कागदावर ठेवलं. इथं ते आधीपासून आत बसलेलं होतं. मी ती पट्टी कपाळाला लावली.

यंत्रं दोन होती. एक पावती आपोआप सरळ कापून देणारं, दुसरं हातानं फाडायचं. फाटक्या कडेचा कागद कोणत्याही दप्तरी शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत मी नोंदवलं.

"अप्पा, मला फाडायचंच पायजे."

"कारण?"

"तुम्ही अर्ज लिव्हा. पिशव्या म्या सांभाळते."

दुकानदार खाली बघून हसला. मी मत मागं घेतलं.

पुढच्या मंगळवारी मी तिच्याकडं गेलो. ती एकाच पट्टीवर नंबर दोनदा छापी आणि मधोमध वाकडीतिकडी फाडी; एक तुकडा पिशवीला बांधी, दुसरा माणसाला देई. दुपारी सास्तूरच्या एक आजी दर्शन करून आल्या. पावती त्यांनी पेटत्या दिवटीच्या मुठीला गुंडाळली होती. ती तव्याच्या बुडासारखी काळी झालेली! ज्या उष्णतेनं अक्षर दिलं, तिनंच ते गिळलं होतं.

"ती बग माजी, निळी," आजी बोट दाखवत म्हणाल्या.

निळ्या पिशव्या दोन होत्या. पुजारी नेमके दारात. "झालं का पुन्हा?"

"थांबा वो, काका."

लेकीनं काळा तुकडा आजींनी दाखवलेल्या पिशवीच्या चिठ्ठीला लावून पाहिला. कड जुळेना. दुसऱ्या पिशवीला लावला; दात दातात बसावा तसा बसला.

"आजी, ही तुमची."

"न्हाय गं, माजी ती!"

"उघडून तर बगा."

आजींनी गाठ सोडली. वरच त्यांच्या चष्म्याचं घर होतं. "अगं बया! व्हय की!"

पुजारी पुढं आले, तुकडे स्वतः जुळवून पाहिले. "खोलीचं आता बोलणं नको," एवढं म्हणून निघून गेले.

ते तुकडे मी मागून घेतले. एकावर स्वच्छ नंबर, दुसऱ्यावर नुसता अंधार, आणि मधली वाकडी कड केसाइतकीही न चुकता मिळालेली. मी कितीतरी वेळ ते जुळवत बसलो. गिऱ्हाईक आलं तेव्हा लेकीनं मला बाजूला सरकायला सांगितलं.