चांदीचे पाच जोड

आमच्या कळंब्याच्या घरात माळ्यावर बुटाचं एक खोकं आहे. त्यात एक व्हिडिओ गेम आहे. तो मूळचा पांढरा, आता जुन्या पुस्तकासारखा पिवळा पडलाय. सोबत दोन हँडलं, अडॅप्टर आणि आपल्यात नव्व्याण्णव गेम असल्याचा दावा करणारी एक कॅसेट. हा दावा खोटा आहे. गेम चारच होते, बाकी तेच रंग बदलून पुन्हा पुन्हा यायचे. आता तेही येत नाहीत, कारण गेम तीसेक वर्षं बंद आहे. तरी दर दिवाळीच्या साफसफाईला खोकं खाली उतरतं, पुसलं जातं आणि बायकोच्या कपाळावरच्या आठीसकट पुन्हा वर जातं.

जुने गेम जपून ठेवायला लोकांकडे काय वाट्टेल ती कारणं असतात. शिरोली एमआयडीसीत माझ्याबरोबर काम करणारा एकजण जेवणाच्या डब्याच्या पिशवीत अजून ब्रिक गेम बाळगतो. त्यातलं सगळ्यात मोठं रेकॉर्ड त्याच्या बायकोनं लग्न ठरल्यावर केलं होतं. सेल काढले तर ते पुसलं जाईल म्हणून तो सेल काढत नाही. सेल कधीच मेलेत, म्हणजे रेकॉर्डही गेलंय, हे आम्हा सगळ्यांना कळतं. त्यालाही कळत असणार. कुणी बोलत नाही.

माझं कारण पाहुण्यांना सांगायला मोठं झकास आहे. मी म्हणायचो, ''त्यात चांदी आहे.'' मग हँडलची वायर काढून दाखवायचो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तुटलेली वायर चांदीनं झाळून जोडली आणि लेकराचा गेम जाळून टाकला, हा आमच्या घरातला ठरलेला विनोद. लग्नात, बारशात, कुठंही. अण्णा समोर असले तर तेच शेवट करायचे. ''व्हय की. गेमला पैंजण घालाय गेलो आन् जीवच घेतला त्येचा.'' सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि माझं हसू सगळ्यांच्या आधी संपायचं.

कारण गेम अण्णांनी जाळला नव्हता. मी जाळला होता.

आमचं मूळ घर हुपरीचं. तिथं निम्म्या घरांत चांदीचं काम चालतं, तसं आमच्याही पुढच्या खोलीत चालायचं. अण्णा पैंजणाच्या कड्या झाळायचे. झाळायचं म्हणजे दोन टोकं जुळवायची, टाकणखार लावायचा, चांदीचाच बारीक तुकडा ठेवायचा आणि फुंकणीनं ज्योत अशी वळवायची की तुकडा वितळून टोकं एक होतील, पण कडी वाकणार नाही. अण्णांनी झाळलेली कडी कधी सुटून परत आली नाही, असं गावात बोललं जायचं. अण्णा स्वतः हे कधी म्हणायचे नाहीत. दुसऱ्या कुणी म्हटलं की मात्र कान टवकारून ऐकायचे.

त्या खोलीचे दोन नियम होते. एक, केर बाहेर टाकायचा नाही, कारण केरात चांदी असते. दुसरा, घरात कथील आणायचं नाही. कथलाचा कण जरी चांदीच्या मुशीत पडला तरी सगळी चांदी ठिसूळ होते. हात लावला की तडकते. त्यामुळे रेडिओवाल्यांकडे असते ती झाळायची कथलाची तार आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. अण्णा गल्लीतल्या इस्त्र्या, टेबलफॅन, रेडिओ दुरुस्त करायचे, पण ते घासूनपुसून, पीळ देऊन, स्क्रू आवळून. ते त्यांचं खूळ होतं. काम संपलं की कुणाचा तरी पंखा मांडीवर घेऊन बसायचे.

तो गेम त्यांनीच कोल्हापुरातून आणला होता. माझ्या हट्टापायी. सहामाही परीक्षेच्या तोंडावर मी एकदा हरलो आणि रागानं हँडल असं ओढलं की वायर मधूनच तुटली. आतून केसासारख्या पाच तारा बाहेर आल्या. मी रडून घर डोक्यावर घेतलं.

''रडतोस कशाला? कडी तुटली तर काय करतो आपण?'' अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कामाचा माल बाजूला सारला. कथील आणायचं नाही, म्हणजे चांदीच. पाच तारा सोलल्या, रंगाला रंग जुळवून टोकं पिळली, आजूबाजूला ओलं फडकं गुंडाळलं आणि फुंकणीनं सुईच्या टोकाएवढी ज्योत काढून पाचही जोड झाळले. दुसऱ्या कुणी हा उद्योग केला असता तर वायरची राख झाली असती. जगात कुठल्याही इलेक्ट्रिशियननं व्हिडिओ गेमची वायर चांदीनं झाळली नसेल. अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रत्येक जोडावर रेशमी दोरा गुंडाळून झाल्यावर त्यांनी वायर आईला दाखवली, मग मला.

मग अडॅप्टर कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. ''माल देऊन येतो कोल्हापूरला. आलो की दोघं मिळून लावू. तवर अभ्यास कर.'' आणि दुपारच्या एसटीनं गेले.

मला धीर धरवला नाही. चांदी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आमच्याकडे नवाच आला होता. त्याचा अडॅप्टर होता, पिन तशीच दिसत होती. लावून पाहिली, बसली. पिन बसली म्हणजे चालणार, एवढीच माझी अक्कल. बटण दाबलं. लाल दिवा लागलाच नाही. गेमच्या पोटातून बारीक धूर आला आणि कडवट वास. मी पिन उपटली, काट्याचा अडॅप्टर जागच्या जागी ठेवला आणि पुस्तक उघडून बसलो. आई मागच्या दारी धुणं धूत होती. वासाला ती म्हणाली, ''काय जळालं रं?'' मी म्हणालो, ''कुठं काय?''

अण्णा आले ते हात धुवायच्या आधी कपाटाकडे गेले. अडॅप्टर लावला, बटण माझ्या हातानं दाबायला लावलं. दिवा लागला नाही. पुन्हा. पुन्हा नाही. त्यांनी वायर हातात घेऊन पाचही जोडांवरून अंगठा फिरवला. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्या वेळी सांगता आलं असतं. मार बसला असता, फार तर फार दोन.

त्याऐवजी मी म्हणालो, ''तुम्हाला जमत न्हाय तर हात कशाला लावलासा?''

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं फाशी देणाराही चोरच होता. अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, ''चुकलं बाबा माझं. चांदीतनं इज जास्त गेली आसंल आत.'' मला दुसरा घेऊन देतो म्हणाले. मी नको म्हणालो. घरच्यांना ते शहाणपण वाटलं.

एवढंच झालं असतं तर लहानपणीचा गुन्हा म्हणून मी तो केव्हाच पोटात जिरवला असता. पण अण्णांनी त्यानंतर गल्लीतल्या एकाही पंख्याला हात लावला नाही. कुणी इस्त्री आणली तर म्हणायचे, ''न्हाय, इजेचं काम आपल्याला जमत न्हाय. पोराचा गेम जाळला मी.'' पुढं काही वर्षांनी गावात पैंजणाच्या कड्या जोडणारी, विजेवर चालणारी मशीनं आली. मामा त्यांच्या मागं लागला होता, आपण दोघांत एक घेऊ म्हणून. अण्णा एकदा बघायला गेले, मशीनभोवती फिरून आले आणि नको म्हणाले. का, तर तेच. इजेच्या वस्तूवर माझा हात चालत न्हाय. मामानं दुसऱ्याबरोबर मशीन घेतलं. आमच्या पुढच्या खोलीतलं काम आधी निम्मं झालं, मग बंद. अण्णा उतारवयात दुसऱ्याच्या कारखान्यात कड्या झाळायला जाऊ लागले.

एका गेमपायी कुणी मशीन नाकारत नसतं, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलंय. वय होतं, भीती होती, हातकामाचा अभिमान होता. असेलही. पण कारण विचारलं की ते माझ्या गेमचंच नाव घ्यायचे, आणि मी शेजारी बसून ऐकायचो.

आणि नशिबाची थट्टा बघा, मी झालो इलेक्ट्रिशियन. आयटीआयच्या पहिल्याच वर्षी पोलॅरिटी शिकवली, म्हणजे अडॅप्टरचं अधिक-उणे उलटं लागलं की वस्तू जळते, तेव्हा वर्गात मला घाम फुटला. त्या रविवारी हुपरीला गेलो तो सांगायचं ठरवूनच. अण्णांनी ताटात वाढलेली भाकरी चुरून दिली आणि मी जेवून परत आलो. मग लग्न झालं, मुलगी झाली, आई गेली, अण्णा आमच्याकडे राहायला आले. दर वेळी वाटायचं, आता सांगून काय उपयोग? भ्याडाला हे वाक्य फार उपयोगी पडतं. मी फक्त खोकं सांभाळलं. टाकलं असतं तर पुरावा गेला असता, आणि का कोण जाणे, तेवढंही निर्लज्ज व्हायला मला जमलं नाही.

या दिवाळीला लेकीनं खोकं उघडलं. ती डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. सकाळची वेळ, अण्णा खुर्चीत ऊन खात बसलेले, मी पंख्याची पाती पुसत स्टुलावर. तिनं गेमचं झाकण खोललं, माझाच मल्टिमीटर घेतला आणि हँडलच्या वायरची दोन टोकं तपासायला लागली. मीटर वाजला. मग दुसरी तार. पाच वेळा वाजला.

''अण्णा,'' ती ओरडली, कारण त्यांना कमी ऐकू येतं, ''तुमचे पाचही जोड चालू आहेत! एकदम कडक!''

''आं?''

''गेम तुमच्यामुळं नाही जळाला. हा बघा, आतला डायोड जळालाय. कुणीतरी उलटा अडॅप्टर लावलाय.''

अण्णांनी नातीकडे मान वळवली. मग म्हणाले, ''कोण लावणार? मीच लावला आसंल.''

खाई त्याला खवखवे, पण इथं खाल्लं मी आणि खवखव ते मागून घेत होते, तीस वर्षांनंतरही. मी स्टुलावरून उतरलो. हातातलं फडकं कुठं ठेवावं ते सुचेना.

''अण्णा, मी लावलता.''

लेक माझ्याकडे बघायला लागली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. मी सगळं सांगितलं. एसटी, काट्याचा अडॅप्टर, धूर, आईला दिलेलं उत्तर. आवाज मोठा ठेवावा लागत होता, अण्णांना ऐकू यावं म्हणून. आपला गुन्हा ओरडून सांगताना किती लाज वाटते, ते मला त्या दिवशी कळलं.

मला वाटलं होतं ते चिडतील. किंवा 'जाऊ दे, ल्हान हुतास' म्हणतील. खरं सांगायचं तर मी त्याच वाक्याची वाट बघत होतो. ते म्हणाले नाहीत.

''म्हंजे जोड सुटला नव्हता?'' त्यांनी विचारलं.

''नव्हता.''

''पाची बी?''

''पाची बी, अण्णा.''

त्यांनी हात पुढं केला. लेकीनं वायर दिली. त्यांना आता जवळचं दिसत नाही, म्हणून डोळे मिटूनच त्यांनी एकेका जोडावरून अंगठा फिरवला. मग दोन्ही मुठीत वायर धरून ओढली. जोर लावून. पुन्हा एकदा. जोड तुटला नाही.

''त्या मशीनला मी भ्यालो,'' ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, वायरकडे बघून. ''तुझ्या मामाला म्हणालो, मला जमायचं न्हाय.''

मी हातातलं फडकं स्टुलावर ठेवलं.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली. ''तुजा मिक्सर बंद हाय म्हणत हुतीस न्हवं? आण हिकडं.''

तिनं आणला. मी स्क्रू ड्रायव्हर दिला. अण्णांनी मिक्सर मांडीवर उलटा घेतला, अगदी तसाच, जसे गल्लीतले पंखे घ्यायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत बसेना. टोक घसरायचं, ते पुन्हा आणायचे, पुन्हा घसरायचं. आम्ही तिघं उभे होतो आणि कुणाला मदत करायचा धीर होत नव्हता. पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांनी हात थांबवला आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढं धरला.

''तूच कर आता,'' ते म्हणाले. ''उशीर झाला.''