हिंगोली, मार्गे सुपारी

नांदेडच्या बसस्थानकात 'हिंगोली, मार्गे वारंगा' अशी पाटी लावलेली बस उभी होती. आमच्याकडे बस कुठे जाते यापेक्षा कुठून जाते ते महत्त्वाचं असतं, हे तत्त्वज्ञान मी लिन्हला मोठ्या तोऱ्यात ऐकवत होतो. ते ऐकवता ऐकवता आमच्या दोन्ही बॅगा मी शेजारच्या परभणीच्या बसमध्ये चढवल्या. लिन्हनेच मला दंडाला धरून खाली ओढलं. तिला देवनागरी वाचता येत नाही, पण दोन पाट्या सारख्या नाहीत एवढं दिसतं. मला वाचता येतं, म्हणून मी पाहत नाही.

लिन्ह माझी होणारी बायको. व्हिएतनाममधल्या दा नांग शहरात एका फर्निचरच्या कारखान्यात मी सुपरवायझर, ती तिथेच डिझाइन काढते. माझा करार संपत आला होता. पुढे आमच्या गावी हळदीची शेती होती आणि दोघांच्या डोक्यात एक लहानसा सुतारकारखाना. प्रश्न एवढाच होता, की तिला कायमचं घरी न्यायचं ते कोणत्या व्हिसावर? टुरिस्ट व्हिसावर आणून इथेच लग्न उरकायचं, की तिकडे लग्न करून, ते नोंदवून, मग पत्नी म्हणून रीतसर व्हिसा काढायचा? दुसरा रस्ता लांबचा. शाळेत जातानाही मी बांध सोडून पाटातून जायचो आणि चपला गाळात ठेवून यायचो. मी टुरिस्ट व्हिसा निवडला.

निघताना तिच्या वडिलांनी माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं होतं, जरा जास्त वेळच. त्यांना हस्तांदोलन हवं असावं असं समजून मी दोन्ही हातांनी त्यांचा हात गदागदा हलवला. ते काहीतरी बोलले. लिन्हने भाषांतर केलं नाही. मीही विचारलं नाही.

बस सुटली. अर्धापूरच्या केळीच्या बागा लागल्या तशी लिन्ह खिडकीला चिकटली. "हे तर आमचंच गाव," म्हणाली. पुढे वारंग्यानंतर शेताशेतांत हळद वाळत पडलेली. शिजवलेल्या हळदीचा तो ओला, मातकट वास बसमध्ये शिरला. पुढच्या बाकावरचे एक फेटेवाले बाबा केव्हाचे मागे वळून बसले होते.

"पाहुण्या कुठल्या म्हणायच्या?"

"व्हिएतनामच्या."

"मंग तिकडं पाऊसपाणी बराबर हाय का?"

"लई."

"अन् इकडं काहून (कशासाठी) आल्या?"

सगळी बस आमच्याकडे वळली. कंडक्टरनेसुद्धा तिकिटाचं यंत्र खाली धरलं. 'माझ्याशी लग्न करायला' हे तीन शब्द सांगायचे होते. तोंडातून बाहेर पडलं ते, "हळद पाहायला."

आमच्या जिल्ह्यात हळदीच्या दिवसांत परदेशी बाईबद्दल असं बोलण्याचा परिणाम काय होतो, हे मला कळायला हवं होतं. आखाडा बाळापूरच्या अलीकडे आमच्या फाट्यावर उतरलो, तर स्वागताला माझे चुलते नामदेवकाका आणि चार-पाच शेतकरी उभे. प्रत्येकाच्या रुमालात हळकुंडं. बसमधल्या बाबांनी फोन लावला होता.

"मॅडम, हे मोडून पाहा," एकाने हळकुंड पुढे केलं. लिन्हने ते कट्टकन मोडलं, आतला रंग पाहिला, नाकाजवळ नेलं आणि मान डोलावली. तिची आजी हळद लावायची, हे मला तेव्हाच कळलं. गर्दी खूश. माझं खोटं खरं ठरायला लागलं, याची मला जास्त भीती वाटली.

घरी माय ओट्यावर धपाटे थापत होती. तिने लिन्हला पाटावर बसवलं, ताटात धपाटे, दही आणि शेंगदाण्याचा ठेचा वाढला. लिन्ह तीन धपाटे ठेच्यासकट खाऊन गेली आणि तिला काहीही झालं नाही. मीच इतक्या वर्षांत तिकडचं सौम्य सूप पिऊन पिऊन नाजूक झालो होतो. संध्याकाळपर्यंत माझ्या इतक्या फेऱ्या झाल्या, की माय म्हणाली, "पाहुणी कोन हाय, कळंनाच गेलं बाई!"

मग हळूच विचारलं, "अन् हळदीवाल्या मॅडमच्या पिशवीत तुझा शर्ट काहून रे गजू?"

माझी चोरी अशी पकडली गेली. लग्नाचं आणि व्हिसाचं सगळं सांगून टाकलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शर्ट उचलून खुंटीला अडकवला. नामदेवकाका मात्र उठूनच बसले.

"हात्तिच्या! मंग सोपंय. तिला हळदीची व्यापारी दाखव, बिझनेस व्हिसा काढ!"

"काका, ते खोटं होईल."

"बसमदी काय खरं बोल्ला होतास का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं हिंगोलीला लग्ननोंदणीच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाई सभ्य होत्या. त्यांनी सांगितलं ते मी आधीच वाचायला हवं होतं: आधी दोघांपैकी एकाने जिल्ह्यात महिनाभर राहिलेलं असावं, मग नोटीस लागते, मग आणखी महिना थांबायचं, मग लग्न. माझी रजा त्याच्या आत संपत होती आणि लिन्हचा व्हिसाही. माझ्या शॉर्टकटच्या मध्येच विहीर निघाली.

बाहेर रसवंतीत बसलो. लिन्हने उसाचा रस संपवला आणि विचारलं, "मी तुझ्या घरी राहायला येणार आहे, की फक्त बघायला?" मी आणखी एक रस मागवला. तोही तिनेच प्यायला.

संध्याकाळी खळ्यावर हळद शिजत होती. मोठ्या कुकरमधून वाफेचे लोट निघत होते, सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत पिवळे झाले होते. काकांनी नवी योजना आणली. "उद्या मारुतीच्या देवळात हार घाला. कागदाचं मागून पाहू."

"हो, तसंच करू," मी म्हणालो. लिन्हला इंग्रजीत सांगितलं. ती पायाला लागलेली हळद पुसायला लागली.

आबांनी चंची (पान-सुपारीची कापडी पिशवी) सोडली. पान काढलं, चुना लावला, अडकित्त्याने सुपारी कातरली. लिन्ह एकदम सरळ बसली. तिने एक सुपारी उचलली, एक पान उचललं, दोन्ही एकत्र तळहातावर धरलं आणि भराभर बोलायला लागली.

"काय म्हणती?" आबांनी विचारलं.

आता भाषांतर करणारा मीच होतो आणि आरोपीही मीच. "म्हणते, त्यांच्याकडे लग्न ठरतं ते ह्यानंच. मुलाकडची मोठी माणसं पान-सुपारी घेऊन मुलीच्या घरी जातात. तिच्या वडिलांनी... निघताना माझ्या हातात तेच शोधलं."

"मंग तू काय नेलं होतंस?"

"हात."

"मोकळे?"

"हलवले जोरात."

माय आधी हसली, मग तिने पदर डोळ्याला लावला. आबा हसले नाहीत. त्यांनी कातरलेली सुपारी परत चंचीत टाकली.

"सुपारी फुटल्याबिगर पोरगी दारात आणली, अन् वर म्हणतो कोन्ता व्हिसा! पोरगी मागायला आपणच जात आलो आजवर. नामदेवा, हार-बीर काही न्हाई." मग माझ्याकडे वळून, "तिकडं जायला काय लागतंय?"

"पासपोर्ट, आबा. तुमचा आणि मायचा. अन् तिकडचा व्हिसा."

"काढ मंग. लगीन तिच्या मांडवात. मंग तुझ्या सरकारी वाटेनं तिला घरी आण. येळ लागला तर लागू दे."

हे मी लिन्हला सांगितलं. तिने वाकून आबांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. दिशा चुकून ती काकांच्या पाया पडली. काकांनी भरभरून आशीर्वाद दिला आणि पुढचे दोन दिवस तो सगळ्या गावाला सांगितला.

परतीच्या दिवशी फाट्यावर तेच शेतकरी हजर. सौदा फिसकटला म्हणून कुणी रुसलं नव्हतं. प्रत्येकाने मूठ-मूठ हळकुंडं लिन्हच्या पिशवीत टाकली. फेटेवाले बाबाही होते. "काय, हळद पसंद पडली का?" त्यांनी विचारलं.

"पसंत पडली बाबा," मी म्हणालो, "आता तिच्या घरच्यांना दाखवायची आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी त्या रस्त्यावर खरं बोललो.

दा नांगला पोचलो. दारात तिचे वडील उभे. त्यांनी पुन्हा माझ्या हातांकडे बघितलं. या वेळी हातांत आबांनी बांधून दिलेली हळदीची पुडी होती आणि फोनवर आबा-मायचा फोटो, पासपोर्टच्या कचेरीबाहेर काढलेला. दोघंही गुन्हेगारासारखे ताठ उभे. त्यांनी पुडी घेतली, उघडली, वास घेतला. फोटो बराच वेळ पाहिला. मग काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" या वेळी मी विचारलं.

"विचारतात, माणसं कधी येणार? अंगणातली सुपारी काढून ठेवायची आहे."

सध्या मी माय आणि आबांच्या व्हिसाची माहिती काढतोय. निघालो होतो एकीचा व्हिसा शोधायला, आता आधी दोघांचा लागणार. लांबचा रस्ता लांबचाच असतो. पण पाटी नीट वाचून बसलोय, बस घरीच जाते.