अवितीचं घर

अविती म्हणजे टाकलेली. ऐकून नाक मुरडू नका, आमच्या सरोवराकाठी असं नाव मुद्दाम ठेवतात. तिच्या आईची आधीची पोरं अंगावर पीत असतानाच गेली. म्हणून ही जन्मल्याबरोबर तिला कुंपणाबाहेर उकिरड्याच्या वाटेवर ठेवली. एक म्हातारी ठरल्याप्रमाणे तिथून गेली, ‘कुणाचं बाई हे टाकलेलं पोर?’ म्हणाली, आणि उचलून तिच्या आईलाच परत दिली. मरणाला चकवायचं, दुसरं काय! मरण तेवढं चकलं.

ही माझी सवत. आमचा नवरा ओडेरा, त्याची मी थोरली, ती धाकटी. त्यानं तिच्या बापाला गुरं दिली आणि असेंबोहून तिला आणली. फाटकाकडे तोंड करून माझं घर, त्याच्या उजव्या अंगाला तिचं. सवतीवर माझी माया होती असं काही मी सांगणार नाही. उकळत्या पाण्यात पीठ घोटून करायचा कुऑन तिला कधी नीट जमला नाही, गुठळ्या ठरलेल्या. जात्यावर बसली की गाणं, तेही सरोवरापलीकडे ऐकू जाईल असं. तिच्या कोंबड्या माझ्या वाळत घातलेल्या तिळात शिरायच्या आणि मी काठी घेऊन धावायची. ‘तुला आणि तुझ्या कोंबड्यांना एकदमच हाकलते बघ,’ असं मी म्हटलं की ती पोट धरून हसायची. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

गोऱ्यांची मोठी लढाई संपली त्या साली टेकडीवर पाद्री आला. देवळाच्या भिंती लिंपायला बायका हव्या होत्या. आम्ही दोघी गेलो. मी लिंपून परत आले, ती तिथंच बसून राहिली. तिला ती गाणी आवडली. मग अक्षरं आवडली. मग ती रोजच जायला लागली, आणि तिच्या वाटचं पाणी मी भरायला लागले. नवऱ्याला दोन बायका असल्या तर पाप नवऱ्याचं, बायकांचं नाही, असा पाद्रीचा कायदा होता. त्यामुळे आमच्या घरातून डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घेणारी पहिली ती.

पाद्रीनं तिच्या नावाचा अर्थ विचारला. तिनं सांगितला. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं म्हणे. म्हणाला, देवाच्या घरात कुणी टाकलेलं नसतं, आजपासून तू रिबेका. ती नाचत घरी आली. मी म्हटलं, रिबेका हो नाहीतर आणखी कुणी हो, गुठळ्या त्याच राहणार. तरी मनातून मला त्या पाद्रीचं बरं वाटलं.

ओडेराला देवळाच्या वाटेला लावलं ते तिनंच. तो लढाईत ओझी वाहून हाडांचा सापळा होऊन परतला होता. येताना त्यानं एक गोष्ट मात्र बघून ठेवली होती, की वाचता येणाऱ्याला ओझं उचलावं लागत नाही. त्याला वडीलधाऱ्यांत बसायचं होतं, आणि गोऱ्यांनी नेमलेल्या नव्या मुखियाच्या दारात देवळातल्या माणसांचाच शब्द चालायचा. अविती त्याला अंगणातल्या मातीत काडीनं अक्षरं काढून शिकवायची. वर्ष सरता सरता तो तिच्यापेक्षा चांगलं वाचायला लागला. आणि मग पाद्री त्याला म्हणाला, तुला पाणी देतो, पण बायको एकच ठेव. पहिली.

पहिली म्हणजे मी! मला एक प्रार्थना येत नव्हती. देवळाचं दार मी भिंत लिंपली त्यानंतर पाहिलेलं नव्हतं. मला ठेवली, आणि ज्या बाईनं त्याला हाताला धरून देवापर्यंत नेला, तिला बाहेर काढली. मी ओडेराला सांगितलं की तुझं डोकं फिरलंय. तो म्हणाला, नियम आहे. नियम आहे म्हटलं की पुरुषांना किती हलकं वाटतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

अविती पाद्रीकडे गेली. मी सोबत होते. ती त्याला म्हणाली, “तुम्हीच माझं नाव पुसलंत ना? मग आता मला कोण टाकतंय?”

पाद्री म्हणाला की देव तिच्यासोबत राहील. देव राहील हो, पण कुठल्या घरात, ते काही त्यानं सांगितलं नाही.

ती भावाकडे गेली. तिची मुलं ओडेरानं ठेवून घेतली, मी वाढवली. त्यानं दिलेली गुरं मात्र परत मागितली नाहीत, कारण गुरं परत घेतली असती तर मुलंही गेली असती. आता गुरं तिकडे आहेत तोवर आमच्या रीतीनं ती त्याचीच बायको. देवळाच्या रीतीनं कुणीच नाही. ओडेराचा झकारिया झाला, देवळाचा वडीलधारा झाला. तिच्या घराचं छप्पर बसलं, मग भिंती बसल्या. घर पुन्हा उभं केलं तर पाद्रीला काय वाटेल म्हणून त्यानं हात लावला नाही.

दर रविवारी ती असेंबोहून चालत देवळात यायची. मुलांना डोळे भरून बघायची. भावजयीचे टोमणे खाऊन वाळली होती, पण गाण्याचा आवाज तसाच. एकदा ओढ्यावर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “थोरले, राहायचं कुठं ते मी बघेन. पण मेल्यावर काय? लग्न झालेल्या लेकीला माहेरच्या कुंपणात पुरत नाहीत. मला बाहेर रानात टाकतील गं. एकदा टाकली तेवढं बास नाही झालं?”

रडू दाबायची माझी एकच तऱ्हा आहे, वाकडं बोलायची. “आधी मर तर खरी,” मी म्हटलं, “मग बघू.”

मेली. छातीत कफ भरून, पाऊसकाळ संपताना. तिच्या भावांनी तिला लव्हाळ्याच्या चटईत गुंडाळून आणलं आणि आमच्या फाटकाशी ठेवलं. थोरला भाऊ म्हणाला, तुझी गुरं अजून आमच्या गोठ्यात आहेत, ही तुझी बायको. आणि पाणीसुद्धा न पिता ते निघून गेले.

ओडेरा घामानं भिजला. आमच्यात बाईला पुरायचं तिच्या घराच्या डाव्या बाजूला. घर नसेल तर आधी बांधायचं, छोटं का होईना, मगच खड्डा. तसं केलं नाही तर तिच्या मुलांच्या मागे शाप लागतो. आणि तसं केलं तर देवळात कळणार की झकारियाच्या फाटकाच्या आत दुसऱ्या बायकोचं घर उभं राहिलं. मी फाटकात बसले आणि त्याला म्हटलं, “ही आत येईपर्यंत मी चूल पेटवणार नाही.” तो टेकडीवर गेला. दुपारी परत आला आणि म्हणाला, चला, खांब आणा.

मला वाटलं, पाद्रीला पाझर फुटला. किती खुळी मी! माझ्या पडवीचं गवत उपसून मी तिच्या छपराला दिलं. अंधार पडायच्या आत कमरेएवढ्या भिंतींचं घर उभं राहिलं आणि त्याच्या डाव्या अंगाला ती गेली, रीतीप्रमाणे. तिची मुलं रडली, मीही रडले.

रविवारी ओडेरानं मला देवळात नेलं. पाद्रीनं आधी असेंबोला, तिच्या भावाच्या घरी चिरनिद्रा घेणाऱ्या रिबेकासाठी प्रार्थना केली. मग झकारियाचं कौतुक केलं, की कोंबड्या माणसांच्या घरात ठेवू नका असं मी इतके दिवस सांगतोय, आणि बघा, या शहाण्या माणसानं कोंबड्यांसाठी वेगळं घर बांधलं.

हे सांगून आला होता तो टेकडीवर!

पुढच्या आठवड्यात पाद्रीणबाई स्वतः आली, विलायती पांढऱ्या कोंबड्या टोपलीत घालून. नुकतीच तिच्या देशातून आलेली, आमची भाषा तिला येत नव्हती. कोंबड्या आत सोडल्या. मग तिनं मातीच्या उंचवट्याकडे बोट केलं. ओडेरा म्हणाला, रताळ्याचा वाफा. माझं डोकं भणाणलं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “बाई, इथं माझी सवत आहे. अविती. तुमची रिबेका.”

पाद्रीणबाईनं हसून ओडेराकडे पाहिलं. त्यानं लढाईत शिकलेल्या तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. नंतर मी त्याची मानगूट धरली तेव्हा त्यानं कबूल केलं. म्हणे, मी सांगितलं की माझी बायको तुमचे आभार मानतेय.

खोटं उभं राहावं म्हणून त्यानं त्यावर खरंच रताळ्याचे वेल लावले. मी दोनदा उपटले, त्यानं दोनदा लावले. कोंबड्यांनी पिल्लं काढली, अंडी दर आठवड्याला टेकडीवर जायला लागली. अवितीच्या कोंबड्यांना मी काठीनं मारत होते, आणि या परक्या कोंबड्यांना तिच्या घरात दाणे टाकत होते. मनात यायचं, ती असती तर पोट धरून हसली असती. मला मात्र हसू येईना.

दोन वर्षं गेली. पाद्रीणबाई भाषा शिकली, चांगली शिकली. परवा अंडी न्यायला आली. ओडेरा शेतावर होता. तिनं वेलांकडे पाहिलं आणि मला आमच्याच भाषेत विचारलं, “ही रताळी तुम्ही काढत का नाही?”

मी तिला सगळं सांगितलं. नाव, गुरं, घर, खड्डा. हळूहळू, एक शब्द चुकायला नको म्हणून. तिला कळलं. तिचा चेहरा उतरला, डोळेसुद्धा भरले. मला वाटलं, आज अवितीचं नाव घेतलं जाणार.

तिनं माझा हात धरला आणि फाटकाकडे बघत म्हणाली, “पाद्रींना कळलं तर त्यांना झकारियाला काढावं लागेल. इतका चांगला माणूस. आई, मी काही ऐकलं नाही हं.”

मग वाकून त्या घरात शिरली आणि अंडी गोळा करून घेऊन गेली.