आधी पाइप

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. लक्ष्मी गेटला तिच्या घरी पोहोचले तर दारात सुतार, सोफेवाले, पेट्या ठोकणारे असे तीस-चाळीस पुरुष भर उन्हात उभे. कोणी डोळे पुसत होतं. ती माझी धाकटी जाऊ. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, मी गेले तर इतके येतील का?... सात आठवडे झाले, पण हे लपवून तिच्याविषयी लिहिणं मला जमणार नाही.

मी बी.कॉम., या हिंदी मुलखातल्या आमच्या गावी रेल्वेच्या ऑफिसात बावीस वर्षं कारकून. शालू बारावी नापास. दिरांचं एअर गन दुरुस्तीचं दुकान होतं. हवेच्या दाबाने लाकडात फटाफट खिळे ठोकतात ती गन. त्यांची नजर अधू झाली आणि शालू दुकानात बसायला लागली. मला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल. कसली कंटाळते! सकाळी आधी कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी सोडायची. मग गनला पाइप जोडतात तिथे तेलाचे दोन थेंब, तिसरा नाही. गनचं तोंड लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही, ती सोय जिवासाठी असते. पण कामाच्या घाईत सुतार ते तोंड तारेने मागे बांधून टाकतात. अशी गन आली की शालू आधी तार कापायची, मग नमस्ते म्हणायची. "मशीन तो नई आ जाएगी भैया, हाथ कहाँ से लाओगे?" मोठमोठे कारागीर मान खाली घालून ऐकायचे. आमच्या ऑफिसात माझं शिपाईसुद्धा ऐकत नाही. जळफळाट व्हायचा माझा, दुसरा शब्द नाही.

एका रविवारी मी तिचा डबा घेऊन दुकानात गेले. ती गिऱ्हाइकांशी बोलत होती आणि टेबलावरच्या गनमध्ये खिळा अडकलेला दिसत होता. म्हटलं, एवढं तर मलाही येईल, बघू देत सगळ्यांना. एका हाताने मूठ धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट तोंडाशी नेलं, तोच माझ्या हातावर फाडकन चापट बसली.

"आधी पाइप, वहिनी! आधी पाइप काढायचा!"

धाकट्या जावेने, चार पुरुषांसमोर. मी डबा तिथेच टाकून घरी आले. पाइप जोडलेला होता, आत खिळ्यांची अख्खी पट्टी होती, माझं बोट चापावर होतं. गनचं तोंड जरा दाबलं गेलं असतं तर खिळा तळहाताच्या आरपार गेला असता, हे मला रस्त्यातच कळलं होतं. संध्याकाळी ती आली आणि पाया पडली. "चुकलं माझं, वहिनी." तू माझा हात वाचवलास, एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हटलं, "चहा घे."

पुढे तिनेच आग्रह करून दर रविवारी मला काम शिकवलं. मी ईर्ष्येने शिकले. पण ते वाक्य काही तोंडातून निघालं नाही. सहा वर्षं... एकाच कुटुंबातली माणसं, रोज दिसणारी.

आता दुकान फक्त रविवारी उघडतं, आणि मी उघडते. परवा ओरछा गेटचा एक म्हातारा सुतार गन घेऊन आला. नीट चालते का बघायला मी ती पाइपला जोडली, खिळा अडकला. मी पाइप काढला, पट्टी बाहेर घेतली, मगच तोंडाला हात लावला. तो हसायला लागला.

"हमें तो भाभीजी ने कित्ती बेर मारो! पाइप नईं निकारो, तो फट्ट से हाथ पे."

"तुम्हें भी?"

"सबको, बड़ी भाभी."

म्हणजे ती चापटसुद्धा एकट्या माझी नव्हती. इतकी वर्षं मी तिचा राग जपला, कारण शालूने तेवढं एक फक्त मला दिलंय असं वाटायचं. मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं, "फिर तुम लोग क्या कहते थे?"

"कहते का?" तो म्हणाला. "पाँव पड़ लेत ते उनके."

माझ्या वेळी पाया ती पडली होती.