जड पाय

कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गेली बारा वर्षं मी ड्रायव्हरांच्या चुका मोजतो. कुणी गाडी किती पळवली, किती वेळा करकचून ब्रेक मारला, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून कोण झोपलं, सगळं माझ्या स्क्रीनवर दिसतं. ॲव्हरेज पडलं की ड्रायव्हर टेबलासमोर उभा राहतो आणि मी त्याला सुनावतो. पाय जड झालाय तुझा, म्हणतो. पुढे सिग्नल लाल दिसतोय, मग गाडी दामटतोस कशाला, म्हणतो. बापाच्या वयाच्या माणसांशीही असंच बोलत आलोय, आणि मला त्यात मजा येत होती.

माझे वडील याच कळंबोलीतून तीस वर्षं लोखंडाचा ट्रक चालवत. लांबवर नजर ठेवायची, अडचण दिसली की आधीच पाय उचलायचा, ब्रेकवर पाय अगदी शेवटी द्यायचा, ही त्यांची रीत. मी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा त्यांना मोठ्या थाटात समजावलं होतं, की पाय उचलला की चाकांतूनच वीज परत बॅटरीत जाते, ब्रेक कमी लागतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे आमी करत व्हतो तेच." मला ते आवडलं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं कराडला एका लग्नाला गेलो होतो. सकाळी साडेअकराला फोन आला, कळंबोलीजवळच्या आमच्या गावचे, नेऱ्याचे मोठे काका गेले. वडिलांचे थोरले भाऊ. आजोबा लवकर वारल्यावर त्यांनीच वडिलांना वाढवलेलं, ट्रकवर पहिल्यांदा त्यांनीच बसवलेलं. काकांना मुलगा नाही, एकच मुलगी. अग्नी धाकट्या भावाने द्यायचा, हे काकांनी आजारपणात स्वतःच सांगून ठेवलं होतं. आमच्या गावात दिवस मावळल्यावर प्रेत उचलत नाहीत आणि रात्रभर घरात ठेवतही नाहीत. म्हणजे सहाच्या आत पोचायलाच हवं होतं. बॅटरी भरलेली होती. ऐंशीच्या वेगाने गेलो असतो तर वाटेत चार्जिंगला कुठेही न थांबता साडेचारपर्यंत नेऱ्यात असतो. हा हिशेब माझाच धंदा आहे.

पण मी एकशेवीसने निघालो. समोर गाडी आली की ब्रेक, वाट मिळाली की पुन्हा पाय तळाला. साताऱ्याच्या पुढे वडील हळूच म्हणाले, "टाइम हाय आपल्याला. पाय जरा हलका ठेव." मी फटकन बोललो, "बाबा, हा तुमचा ट्रक नाही. मला कळतं." लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पडद्यावरचे बॅटरीचे उरलेले किलोमीटर भराभर उतरत होते, ते मला दिसत होते आणि त्यांनाही दिसत होते.

पुणं ओलांडून तळेगावजवळ आलो तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि घाट उतरूनही नेरं गाठेल इतकी बॅटरी उरली नव्हती. चार्जिंगला दोन यंत्रं, त्यातलं एक बंद. दुसऱ्यावर एक गाडी लागलेली, मागे आणखी एक. मी आत जाऊन चौकशी केली, हुज्जत घातली, परत आलो. वडील रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रकांकडे बघत होते. म्हणाले, "मी एखाद्या ट्रकात बसून जातो. कळंबोलीला उतरलो की रिक्षा भेटंल." सरळ, शहाणी गोष्ट होती. तीस वर्षं त्या लाइनीवर काढलेल्या माणसाला कुणीही बसवून घेतलं असतं आणि ते वेळेत पोचले असते. मी म्हणालो, "माझी गाडी असताना तुम्ही ट्रकातून उतरणार? लोक काय म्हणतील? होईलच आता." ते पुन्हा येऊन गाडीत बसले.

आमचा नंबर लागून गाडी निघेपर्यंत पाच वाजले. घाटात मी एसी बंद केला, पाय अलगद ठेवला, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. उतारावर बॅटरी भरताना बघून मला माझी किळस आली. तेवढ्यात गावातून फोन आला. आता थांबता येत नाही, उचलतो, म्हणाले. वडिलांनी "बरं" म्हटलं आणि फोन मांडीवर ठेवला.

नेऱ्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि चिता अर्धी जळाली होती. अग्नी एका लांबच्या पुतण्याने दिला होता. चुलतबहीण घराच्या पायरीवर बसली होती. वडिलांना बघून ती उठली नाही. म्हणाली, "काका, मी पाचपासून वाटेकडं बघतेय. कुठं राहिलात?"

मी तोंड उघडायच्या आधी वडील म्हणाले, "माझंच चुकलं बाय. मला उलट्या व्हायला लागल्या. त्यो बिचारा थांबवत थांबवत आला."

सगळे माझ्याकडे वळले. गावात सगळ्यांना माझी नोकरी ठाऊक आहे, मी तिथेही मिरवलेली आहे. खरं कळलं तर तिथे माझी काय शोभा होईल, हे वडिलांनी एका क्षणात ओळखलं होतं. मी मान खाली घालून चपला काढू लागलो.

दहाव्याला, तेराव्याला, सगळीकडे वडील तेच उलट्यांचं कारण सांगत राहिले. बहीण चुलत्याशी तुटक बोलते. परवा घरी आली होती. चहा पिताना त्यांच्या तोंडावर म्हणाली, "एक दिवस कळ काढवली नाय तुमाला माझ्या बाबांसाठी." वडील मान हलवून "खरं हाय बाय" म्हणाले. मी तिथेच बसलो होतो. मी तिला बिस्किटांची बशी पुढे केली.