भोकांचे ठोकळे

जांभ्या चिऱ्याची भिंत दिसली की आमच्या शेजारच्या गृहस्थांना तिची कीव यायची. सगळं मालवण चिऱ्याच्या घरात सुखाने राहत होतं. हे मात्र, सिमेंट परमिटवर मिळायच्या त्या काळात, अंगणात लाकडी साचे मांडून नक्षीच्या भोकांचे ठोकळे पाडत बसायचे. ठोकळा सुकला की मागे सरायचे, एक डोळा मिटायचे आणि स्वतःलाच दाद द्यायचे.

"घरान श्वास घेवक व्हयो, मास्तर. कळला?" हे ते मला विचारत नसत, बजावत असत.

शेवटी त्यांनी स्वतःच्या पडवीची दर्शनी भिंत त्याच ठोकळ्यांनी बांधली आणि घर श्वास घेऊ लागलं. समुद्रावरचा वारा देवापुढचा दिवा विझवी आणि जेवणाच्या ताटात वाळू आणून टाकी. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, कंटाळल्या. एका दुपारी हे बाहेर गेलेले पाहून त्यांनी एकूण एक भोकात नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, कोंबली.

आता भांडण होणार म्हणून मी कुंपणाशी थांबलो. हे आले, एक डोळा मिटून भिंत न्याहाळली आणि चक्क खूश झाले!

पुढे बांधकाम खात्याचे एक साहेब ती भिंत बघायला आले. शेजारी शुद्ध मराठीत सांगू लागले, "ही माझी नवी रचना. ऊनही अडतं, वाराही अडतो."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "हात माझे नि रचना तुमची काय ओ?" असं म्हणत त्यांनी साहेबांच्या मागचं एक सोडण उपटलं. वारा आत घुसला आणि साहेबांची टोपी उडाली.

शेजारी जराही गडबडले नाहीत.

"हे एक," ते साहेबांना म्हणाले, "मुद्दाम काढघाल करण्यासारखं ठेवलंय."